पुढे वाढवायची जागा

"महिना धरा. फार तर दीड," डॉक्टर कॉरिडॉरमध्येच म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. तो बेसिनपाशी गेला, तोंड धुतलं, रुमालाने कोरडं केलं आणि बायकोच्या खोलीत आला.

ती पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. "या शेठ. गिऱ्हाईक कधीचं ताटकळलंय."

त्याचं कॉम्प्युटर जुळवून द्यायचं दुकान होतं. ती घरी नेटवर्किंगची शिकवणी घ्यायची. तिला एकच दणकट मशीन हवं होतं. त्याच्या पोटात आठ-दहा व्हर्च्युअल मशीन चालवायची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला आपला वेगळा कॉम्प्युटर. कुणी वाट लावली तरी पुसून नवा देता येतो. प्रोसेसर तिने पक्का केला होता, सोळा कोरचा. घोडं मदरबोर्डवर अडलं होतं.

"हा भारी. रॅमला चार जागा, शिवाय पुढे निघतील ते प्रोसेसरही यावर बसतील. हा दुसरा साधा. आजचं भागतं, पुढे वाढवायला जागा नाही. कुठला घेऊ?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. डोकं सवयीने चाललं. मशीन किती दिवस वापरायचं, त्यात पुढे काय घालायचं.

"साधा घे. पुरेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"गिऱ्हाईक रडकुंडीला आलं तरी तुम्ही साधा बोर्ड देत नाही. माझ्या भावाने हट्टाने नेला, तर वर्षभर त्याला टोमणे मारलेत."

"अगं, तुझ्या कामाला तेवढा बास आहे."

"आज बास आहे. पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बघू ना." मग त्याच्या लक्षात आलं. तो घाईघाईने म्हणाला, "बरं, भारीच घे. तोच चांगला. मी उद्याच मागवतो."

"आता कशाला?" तिने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. "किती दिवस म्हणाले?"

त्याने उशाची बाटली उचलली आणि पाणी भरून आणतो म्हणून बाहेर गेला. बाटली अर्धी भरलेली होती.

तो परत आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. नंतर तिने कधीच विचारलं नाही. त्याचंही सांगायचं राहून गेलं.