फुगलेली मान

"ट्रकची ट्यूब तोंडानं फुगवलीस, तर माझी अर्धी मिशी कापेन," शेजारचा शिंपी चारचौघांत म्हणाला. मी लागलो फुंकायला. ट्यूब टम्म झाली आणि छातीत कळ आली. मान फुगली, दाबली की कातडीखाली कुरकुर वाजायचं. श्वास पुरेना, खाली बसलो. "झालं याचं नाटक सुरू!" सगळे टाळ्या पिटत घरी गेले. गेल्याच महिन्यात मी मेल्याचं सोंग केलं होतं. एकट्यानंच रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. फुप्फुस फाटून हवा अंगभर पसरली होती. डॉक्टरांनी छातीत नळी घातली. "घरचं कोण?" सिस्टरनं विचारलं. मी शिंप्याचा नंबर दिला. संध्याकाळी शिंप्यानं येऊन माझी फुगलेली मान बघितली. त्यानं कात्री काढून भरल्या वॉर्डात अर्धी मिशी उतरवली. वॉर्ड खिदळला. "हसू नका, नळी सुटेल!" माझे खांदे हलताना बघून सिस्टर माझ्यावर ओरडली. मी हसत नव्हतोच.