दारावरचा बोर्ड

"पार्लरचा बोर्ड दारावर लावा. अनुदानासाठी फोटो लागतो," तपासणीला आलेले साहेब म्हणाले.

तिने पलंगाखालून बोर्ड काढला. भाड्याच्या खोलीत धंदा करायचा नाही, ही घरमालकीणबाईंची अट होती. पण बाई देवळात गेल्या होत्या आणि काम पाच मिनिटांचंच होतं.

ती बोर्ड अडकवत होती, तोच जिन्यावर काठी वाजली.

बाई परतल्या होत्या. खोली तर गेलीच, आता अनुदानही जाणार. बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि बोर्ड सावकाश वाचला.

"इथल्या धंद्याला तुमची हरकत नाही ना, आजी?" साहेबांनी विचारलं.

"दारात रोज दहा बायकांच्या चपला असतात. मला दिसत नाहीत होय?" बाई तिच्याकडे वळल्या. "बोर्ड तिरका लागलाय. आधी सरळ कर."