पाहुण्यांचा संडास

"अडचण दिसली की मंत्र्यानं पुढं व्हायचं!" शाळेच्या बालमंत्रिमंडळाला शिकवायला तालुक्याहून आलेल्या बाई म्हणाल्या.

सातवीतली आरोग्यमंत्री प्रणिता ताडकन उठली. "बाई, मुलींच्या संडासाला कुलूप असतं. आम्ही बाभळींमागं जातो."

"ए शहाणे, बस खाली!" हेडमास्तर खेकसले. "पोरी घाण करतात. तो पाहुण्यांसाठी ठेवलाय."

बाईंनी लगेच पुढचा धडा घेतला, पाहुण्यांना गुच्छ कसा द्यायचा. प्रणिताच्या अंगाचा तिळपापड झाला. मंत्री करायचं आणि तोंड शिवायचं?

मधल्या सुट्टीत बाईंनीच किल्ली मागितली. हेडमास्तरांनी लगबगीनं कुलूप काढलं. बाई बाहेर आल्या, तर दारात प्रणिता. हेडमास्तर कुलूप लावायला सरसावले, तशी तिनं कडी गच्च धरली.

"या गं पोरींनो, रांग लावा! आणि सर, तुम्ही जरा लांब व्हा."