दीड हात खाली

गुहेच्या उत्तरेच्या भिंतीवर पाकोळ्यांची त्रेचाळीस घरटी होती. सव्वीस रिकामी, सोळांत एकेक पिल्लू, एकात न फुटलेलं अंडं. प्रबंधासाठीची आतल्या दालनातली मोजणी संपवून ती परत आली, तेव्हा पिल्लाचं एक घरटं दीड हात खाली चिकटवलेलं होतं. मूळ जागी पांढरट डाग.

"वरती सावली पडत होती," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. पाकोळ्यांवर त्यांची दोन पुस्तकं होती. तिसऱ्याच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायला ते गुहेत पहिल्यांदाच उतरले होते, नाकाला रुमाल लावून. "चाकूनं अलगद सोडवलं. आता आई भरवायला आली की झालं."

"नाही यायची," गुहेचा म्हातारा राखणदार म्हणाला.

"का? आईला पोर ओळखू येत नाही?"

"ती टिकटिक करत येते आणि नेमकी जागा शोधते, सर," ती म्हणाली. "पिल्लू नाही. तुमच्याच पुस्तकात आहे. पान बावन्न."

राखणदाराला एकदम खोकला आला.

दीड तासात पाकोळी अकरा वेळा आली. अकराही वेळा डागाला नखं रोवून लटकली आणि घशातला घास तसाच घेऊन गेली. खाली पिल्लू चोच उघडून बसलं होतं. आधी ओरडत होतं, मग नुसतंच उघडी चोच घेऊन.

सरांनी घड्याळ पाहिलं. "मठ्ठ जात आहे."

"कोणाची म्हणता?" राखणदारानं विचारलं.

तिनं शिडी ओढली.

"खबरदार! पाचच्या बोटीच्या आत मला फोटो हवाय. घरट्याला हात लावलास, तर प्रबंधावर सही दुसऱ्या कोणाची तरी घे."

प्रबंधाला चार वर्षं झाली होती. ती दोन पायऱ्यांवर थांबली. मग खाली उतरली, घरटं भिंतीवरून सोडवलं, काट्यावर पिल्लू ठेवलं, आकडा टिपला.

"काका, गोंद द्या. आणि तो फोटोचा दिवा बंद करा."

"दिवा माझा आहे!" सर म्हणाले.

राखणदारानं पेटता दिवा उचलून त्यांच्या हातात दिला. "मग बरोबर न्या. वाट निसरडी आहे, आणि तुम्हाला टिकटिक करता येत नाही."

उजेड गुहेच्या तोंडाकडे लांब होत गेला. ती काळोखात शिडीच्या शेवटच्या पायरीवर, घरटं डागावर दाबून उभी राहिली. बोटीचा भोंगा झाला. दुसऱ्यांदा झाला. मग कानाजवळ टिकटिक ऐकू आली आणि मनगटाला पंखाचा वारा लागला.

खाली उतरल्यावर विजेरीच्या उजेडात तिनं वहीत लिहिलं:

गोंद वाळायला: पंचेचाळीस मिनिटं. घरट्याशी खेपा: दोन. पिल्लाचं वजन: चढताना ८.८ ग्रॅम, उतरताना ९.६.