त्रेचाळीस पावलं

पेगेरोने स्टॉपवॉच तळहातावर आपटलं आणि पुन्हा आकडा पाहिला.

"एक ब्याण्णव," तो म्हणाला. "परत टाक."

विल्किन होम प्लेटमागे उकिडवा बसला. पिचरने फेकलेला चेंडू आला, ग्लोव्हमध्ये वाजला आणि वाजतो न वाजतो तोच त्याच्या उजव्या हातात होता. पाय वळले, कोपर कानाशी आलं. चेंडू पिचरच्या डोक्यावरून सरळ गेला आणि दुसऱ्या बेसवर उभ्या चिचोच्या ग्लोव्हमध्ये थडकला.

"एक एक्क्याण्णव."

कुंपणावर बसलेली पोरं ओरडली. "साहेब, घड्याळ विका आता, विल्किनला घेऊन जा!"

पेगेरो हसला नाही. बेसबॉल अकादमीसाठी कॅचर, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा, निवडायला तो राजधानीहून आला होता. आठ वस्त्या, जागा एकच. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत दोन सेकंदांच्या आत यायला हवा, ही त्याची अट. पंधरा वर्षांची पोरं दोनच्या आसपास घोटाळतात. हे पोर सरळ खाली उतरलं होतं.

"वय पंधराच ना रे? दाढीबिढी करत नाहीस ना?"

"नाही साहेब."

"दाढी काय, अंघोळही करत नाही तो," चिचो लांबून ओरडला.

उलट्या बादलीवर बसलेला एव्हारिस्तो मास्तर गालात हसत होता. मार्चमध्ये हेच पोरगं दोन शून्य पाचवर अडकलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी दोनशे वेळा, नुसताच हात, ग्लोव्हपासून कानापर्यंत, चेंडूशिवाय. मग नुसतेच पाय. "पाय आधी वळव, गाढवा, हात येतोच मागून!" एप्रिलमध्ये दोन शून्य दोन झालं. जूनमध्ये एक सत्त्याण्णव. त्या दिवशी विल्किनच्या आईने मास्तरला कोंबडीचा रस्सा पाठवला होता.

पेगेरो गाडीकडे गेला आणि फीत घेऊन आला.

"राग मानू नका मास्तर. सगळीकडे मोजतो."

"मोजा की. एकतीस वर्षं झाली, मीच मोजतोय."

मैदान संध्याकाळी ऊसगाड्यांच्या बैलांचं असे. म्हणून बेस रोज उचलायचे आणि रोज सकाळी मांडायचे. बाकीचे बेस पोरं मांडत. दुसरा बेस मात्र मास्तरचा. होम प्लेटपासून त्रेचाळीस पावलं. साखर कारखान्याच्या मोजणीदाराने एकदा साखळी लावून पाहिली होती, बोटभरही फरक निघाला नव्हता. त्यानंतर फीत कोणी आणलीच नाही.

पेगेरोने चिचोला फितीचं टोक धरायला लावलं. वाकून आकडा वाचला. मग सरळ उभा राहून मास्तरकडे पाहिलं.

"चार मीटर कमी आहे."

कुंपणावरची पोरं पुढे झुकली.

"फीत मुडपली असेल," मास्तर म्हणाला.

"फीत ठीक आहे. बेसच चालत आलाय, म्हातारबुवा. असल्या युक्त्या मी फार पाहिल्यात. पण इतक्या उघड्यावर नाही."

मास्तर बादलीवरून उठला. होम प्लेटवर गेला, टाच टेकवली आणि चालू लागला. मोठ्याने मोजत. दहा. वीस. पिचरच्या उंचवट्यावरून उतरताना त्याचा डावा गुडघा जरा आखडला. मार्चच्या शेवटी, ईस्टरच्या आठवड्यात तो पाटात पडला होता. गुडघा बरा झालाय, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःलाही.

"बेचाळीस. त्रेचाळीस."

बुटाचं टोक बेसला लागलं.

त्याने मान वर केली. चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव होता. पण पेगेरो बेसकडे बघत नव्हता. तो मागे धुळीत उमटलेल्या पावलांकडे बघत होता. मग त्याने खाली बसून दोन ठशांमध्ये फीत धरली.

"एक्क्याऐंशी सेंटिमीटर," तो हळू म्हणाला. "पाऊल नव्वदचं पाहिजे." आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मास्तर, वय काय तुमचं?"

मास्तरच्या कानांत बैलांच्या माश्या घोंगावाव्यात तसा आवाज भरला. तो पावलांच्या रांगेकडे पाहत राहिला. ती पावलं कुणा दुसऱ्याची असावीत तसा.

चिचोने बेस उचलला आणि चार मीटर मागे नेऊन ठेवला. मास्तर त्याच्यामागोमाग गेला. नुसता गेला, का ते त्यालाही कळलं नाही.

"टाक," पेगेरो म्हणाला.

विल्किनने जीव काढून टाकला. चेंडू बेसच्या अलीकडे जमिनीवर आपटला, उसळला आणि चिचोच्या ग्लोव्हमध्ये गेला.

पेगेरोने घड्याळ पाहिलं. "आणखी एक."

आणखी एक झाला. मग तिसरा.

"दोन शून्य पाच. तिन्ही वेळा." त्याने वही मिटली. "पोरगं चांगलं आहे. पण दोन शून्य पाचवाली माझ्याकडे सात आहेत."

गाडी सुरू झाली आणि उसातून निघून गेली. कुंपणावरून एकही पोरगं खाली उतरलं नाही.

विल्किनने चेहऱ्यावरची जाळी वर सरकवली.

"मास्तर," त्याने विचारलं, "मार्चमध्ये किती होतं?"

त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर दुसऱ्या बेसजवळ उभा होता. पोरगं तिकडे, होम प्लेटवर. त्याच्यापर्यंत जायला हवं होतं, खांद्यावर हात ठेवायला हवा होता. त्याने डावा पाय उचलला. मैदानावरचे सगळे डोळे त्या पायावर आहेत हे त्याला दिसलं, आणि पाय कुठे ठेवायचा ते त्याला कळेना.