एक सूर जास्तीचा

रोहण्याच्या भजन मंडळातल्या जुन्या पेटीची एक काळी पट्टी वाजतच नव्हती. तो सूर आला की पेटीवाले अण्णाजी खोकायचे आणि भजन पुढे जायचं.

यंदा वर्ध्याहून नवी इलेक्ट्रॉनिक पेटी आली. टाळ वाजवणारी वर्षाली खूश झाली. बाकीचे पहिल्याच भजनात अडखळले.

"इच्यात एक सूर जास्तीचा हाय! वापस करा," तबल्यावरून मुकेश ओरडला.

"थांबा ना भाऊ, मी करतो बरोबर," म्हणत वर्षालीनं पेटी घरी नेली. तिच्या मोबाइलमध्ये जुन्या भजनांचं रेकॉर्डिंग होतं.

पुढच्या गुरुवारी ती पट्टी दाबताच पेटी हुबेहूब अण्णाजींसारखी खोकली. भजन असं रंगलं, की मुकेशही डोलू लागला.

अण्णाजींनी तेवढं तोंड वाकडं केलं. "खोकल्यात जीव नाई."