सोन्याचा नारळ

सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ धाकूबाईच्या हातात होता. नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ दर्याला देण्याचा मान यंदा कोळीवाड्याने तिला दिला होता, कारण तिचा मुलगा हसुराम उन्हाळ्यात गेला. तो ज्या मालवाहू जहाजावर कामाला होता, ते दूरच्या एका समुद्रात क्षेपणास्त्र लागून बुडालं. तो समुद्र कुणाचा, यावर दोन देश भांडत होते आणि दोघांच्याही पाठीशी मित्रराष्ट्रांच्या युद्धनौका उभ्या होत्या. क्षेपणास्त्र मात्र कुणाचंच नव्हतं.

जेट्टीवर पाहुणे म्हणून आलेले खासदार हातात माइक घेऊन सांगत होते, "आपल्या मित्रराष्ट्रांची फळी भक्कम आहे. आता फक्त दर्याराजाने शांत व्हावं."

धाकूबाई पाण्याकडे पाठ करून वळली.

"दर्या कवा खवळला, सायेब? माझा पोर त्याने नाय नेला. दर्या नेतो, तर चार दिवसांनी का होईना किनाऱ्याला आणून सोडतो. ह्या भांडणाऱ्या लोकांनी पोराचा सदरासुद्धा धाडला नाय."

बँड थांबला. तिने खासदारांच्या मोकळ्या हातात सोन्याचा नारळ ठेवला. "हा तुमच्या मित्रांना द्या."

मग त्यांच्या हातातला माइक काढून खुर्चीवर ठेवला आणि शेजारणीच्या टोपलीतला नारळ त्यांच्या दुसऱ्या हातात दिला. "हा त्यांच्या दुश्मनांना. खवळलेत ते दोघं."

ती घराकडे निघाली. एकेक करत बायका तिच्यामागे गेल्या.

खासदार दोन्ही हातांत नारळ घेऊन उभे राहिले. समोर शांत पाणी होतं, पण ते नारळ त्यात सोडायची त्यांची छाती झाली नाही.